तेरा आकड्यांचा पत्ता: लष्करी गाडीचा सुटा भाग स्टॉक नंबरावरून कसा ओळखावा

५९३०-००-३०७-८८५६.

असा आकडा तपकिरी खोक्यावर, फॉइलच्या पिशवीवर किंवा परदेशी विक्रेत्याच्या यादीत दिसतो आणि बहुतेक लोक ‘काहीतरी मिलिटरी नंबर आहे’ म्हणून तो सोडून देतात, थेट भाव विचारतात. त्या तेरा आकड्यांना मात्र पुष्कळदा विकणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. वरचा आकडा अमेरिकी लष्कराच्या २४ व्होल्टच्या जीप आणि ट्रकांच्या डॅशबोर्डावर बसणाऱ्या तीन खटक्यांच्या लाइट स्विचचा आहे. मोठा खटका दिवे निवडतो, खालचा एक डॅशबोर्डाचा उजेड कमीजास्त करतो आणि दुसरा कुलपाचा असतो. कुलपाचा खटका दाबून धरल्याशिवाय मोठा खटका पूर्ण हेडलाइटवर जातच नाही. रात्री चुकून हात लागला तरी ताफ्याची जागा उघडी पडू नये, यासाठी ही सोय. स्विचवर कोणत्याही कारखान्याचे नाव असो, मानक एकच, म्हणून स्टॉक नंबरही एकच.

इंदूरहून महूची छावणी जवळ. त्यामुळे लोहामंडीच्या भंगारात, सियागंजच्या जुन्या दुकानांत आणि जीपवेड्यांच्या गॅरेजमध्ये असे नंबर डोळ्यासमोर येत राहतात. शिवाय आता लोक परदेशातूनही भाग मागवतात आणि तिथे चूक महागात पडते, कारण जहाजाने आलेला चुकीचा व्हील सिलिंडर परत पाठवायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. नंबर वाचता आला तर यातल्या बहुतेक चुका मागणी नोंदवण्याआधीच पकडता येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. स्टॉक नंबर ‘ही वस्तू कोणती’ एवढेच सांगतो. ‘ती कोणी बनवली’ किंवा ‘ही जुनी अस्सल आहे का’ हे तो सांगत नाही. त्यासाठी कारखान्याची खूण, पॅकिंगवरची तारीख आणि खुद्द धातू, असे आणखी तीन साक्षीदार लागतात.

तेरा आकडे, तीन तुकडे

या पद्धतीचे नाव नाटो स्टॉक नंबर, बोलीत एनएसएन. तो चार-दोन-तीन-चार असा तोडून लिहितात. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. पुढचे दोन आकडे कोणत्या देशाच्या कार्यालयाने वस्तूची नोंद केली ते सांगतात. उरलेले सात हा नुसता क्रमांक असतो. त्यात गाडीचे नाव, माप, वर्ष असे काहीही लपलेले नसते. सात आकड्यांत अर्थ शोधत बसणारे पुष्कळ भेटतात, पण तिथे शोधण्यासारखे काही नाही.

देशाचे दोन आणि पुढचे सात मिळून जे नऊ आकडे होतात, तीच वस्तूची खरी ओळख. वर्गाचे चार आकडे पुढेमागे बदलू शकतात, कारण एखादी वस्तू आधी एका वर्गात धरली आणि नंतर दुसऱ्या वर्गात हलवली असे होते. नऊ आकडे मात्र तेच राहतात. म्हणून शोध घेताना पूर्ण तेरा आकड्यांनी काही सापडले नाही, तर पहिले चार सोडा आणि नुसत्या नऊ आकड्यांनी पुन्हा शोधा. एवढ्याने बऱ्याच ‘न सापडणाऱ्या’ वस्तू सापडतात.

या नंबरात पडताळणीचा आकडा नसतो, हेही ध्यानात असू द्या. आधार क्रमांकात एक आकडा चुकला तर संगणक लगेच नाकारतो. इथे एक आकडा चुकला की दुसरीच एखादी खरीखुरी वस्तू समोर येऊ शकते आणि चुकल्याचे कळतही नाही.

वर्ग: पहिल्या चार आकड्यांचा उपयोग

वर्गांची पूर्ण यादी मोठी आहे, पण गाडीवाल्याला त्यातले वीस-पंचवीस पुरतात. २३१० म्हणजे माणसे वाहणारी मोटार, २३२० म्हणजे ट्रक आणि २३३० म्हणजे ट्रेलर. हे तिन्ही पूर्ण वाहनाचे वर्ग. उदाहरणार्थ, हमवी या अमेरिकी लष्करी गाडीच्या एम ९९८ या मूळ नमुन्याचा नंबर २३२०-०१-१०७-७१५५ आहे. सुट्या भागांवर असा नंबर नसतो. एखाद्या दुकानदाराने बोल्टच्या पुडीवर २३२० ने सुरू होणारा नंबर दाखवला, तर तो बहुधा गाडीचा नंबर आहे, बोल्टचा नाही.

सुटे भाग मुख्यतः २५ आणि २९ या दोन गटांत येतात. २५१० मध्ये बॉडी, केबिन आणि चॅसिसचे भाग. २५२० मध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट अशी शक्ती पोचवणारी यंत्रणा. २५३० मध्ये ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सल आणि चाके. २५४० मध्ये सीट, आरसे, ताडपत्री, वायपर अशी सामग्री आणि २५९० मध्ये कुठेच न बसणारे उरलेले. डिझेल इंजिन आणि त्याचे भाग २८१५ मध्ये, पेट्रोल इंजिन २८०५ मध्ये. २९१० इंधनाचे, २९२० इंजिनच्या विजेचे म्हणजे स्टार्टर, जनरेटर, डिस्ट्रिब्युटर, २९३० रेडिएटर आणि पाण्याच्या पंपाचे, २९४० फिल्टरचे.

यानंतरचे वर्ग लोकांना गोंधळात टाकतात, कारण ते गाडीचे नाहीतच. बेअरिंग ३११० मध्ये जाते, मग ते जीपचे असो वा पाण्याच्या पंपाचे. फॅन बेल्ट ३०३० मध्ये, स्क्रू ५३०५, बोल्ट ५३०६, नट आणि वॉशर ५३१०, गॅस्केट आणि पॅकिंग ५३३०, ओ-रिंग ५३३१. होज पाइप ४७२०, त्यांची जोडणी ४७३०. स्विच ५९३०, वाहनाचे दिवे ६२२०, बल्ब ६२४०, बॅटरी ६१४०. टायर-ट्यूब २६१०. नंबर ५३१० ने सुरू होतो म्हणून ‘हा जीपचा भाग नव्हे’ असे म्हणू नका. चाकाचा नट हाही शेवटी नटच.

वर्गाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे झटपट शंका घेता येते. विक्रेता म्हणतो ‘जनरेटर’ आणि नंबर २५३० ने सुरू होतो, तर दोघांपैकी एक चुकतो आहे. पैसे देण्याआधी तिथेच थांबायचे.

देशाचे दोन आकडे आणि त्यांच्याबद्दलचा गैरसमज

०० आणि ०१ अमेरिकेचे. साधारण १९७५ पूर्वी नोंदलेल्या अमेरिकी वस्तूंना ००, नंतरच्यांना ०१. १२ जर्मनी, १४ फ्रान्स, १५ इटली, २१ कॅनडा, ६६ ऑस्ट्रेलिया, ९९ ब्रिटन. भारताचा आकडा ७२ आणि आपल्याकडे हे काम संरक्षण मंत्रालयाचे मानकीकरण संचालनालय पाहते.

गैरसमज असा की ९९ दिसले म्हणजे वस्तू ब्रिटनमध्ये बनली. तसे नाही. हे दोन आकडे फक्त नोंद कुठे झाली ते सांगतात. अमेरिकेत नोंदलेला ०० चा नट जर्मनीत किंवा तैवानमध्येही बनलेला असू शकतो आणि तरी त्याचा नंबर तोच राहतो. बनवणारा कोण, हे वेगळ्याच आकड्याने कळते. त्याकडे पुढे येऊ.

०० आणि ०१ यांच्यातला फरक मात्र जुन्या गाडीवाल्याला कामाचा. एम ३८ किंवा एम १५१ जीपच्या मूळ भागांचे नंबर बहुधा ०० चे. त्याच जागी ०१ चा नंबर सुचवला जात असेल, तर ती नंतर आलेली सुधारित किंवा पर्यायी वस्तू असण्याची शक्यता मोठी. बसेल, चालेल, पण गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती त्यावर नव्हती. नुसती गाडी चालवायची असेल तर ०१ घ्यावा, बऱ्याचदा तो जास्त टिकाऊ असतो. प्रदर्शनासाठी मूळ रूपात बांधायची असेल तर ०० साठी थांबावे.

अकरा आकडी नंबर आणि त्याआधीचे

जुन्या खोक्यांवर कधी कधी अकराच आकडे असतात, चार-तीन-चार. हा अमेरिकेचा फेडरल स्टॉक नंबर. १९७४ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेने तो सोडून तेरा आकडी पद्धत घेतली आणि जुन्या नंबरांत वर्गानंतर फक्त ०० घातले. म्हणजे ५९३०-३०७-८८५६ आणि ५९३०-००-३०७-८८५६ एकच. जुना नंबर सापडला तर मध्ये दोन शून्ये घालून शोधा. अकरा आकडी लेबल म्हणजे पॅकिंग १९७४ च्या आधीचे असल्याचा चांगला इशाराही आहे. चांगला म्हणजे पुरावा नव्हे. लेबल नव्याने छापता येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आणि आपल्याकडे तीच जास्त उपयोगी, कारण युद्ध संपल्यावर इथे राहिलेल्या विलीज आणि फोर्ड जीप, डॉज, जीएमसी आणि कॅनडाच्या शेव्हर्ले-फोर्ड ट्रकांचे अवशेष अजून मिळतात. त्या काळी अमेरिकी ऑर्डनन्स खात्याने प्रत्येक वाहनाला यादीचा क्रमांक दिला होता. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन्ही जीपना जी-५०३, पाऊण टनी डॉजला जी-५०२, जीएमसीच्या अडीच टनी सीसीकेडब्ल्यूला जी-५०८. पुढच्या काळात एम ३८ ला जी-७४०, एम ३८ए१ ला जी-७५८, एम १५१ ला जी-८३८. युद्धकालीन खोक्यावर ‘जी ५०३’ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो जीपचा, हे तेवढ्यावरूनच कळते.

खुद्द भागावर मात्र बहुतेक वेळा कारखान्याचा नंबर असतो. विलीजचा ‘ए’ अक्षराने सुरू होणारा, फोर्डचा ‘जीपीडब्ल्यू’ने. फोर्डची पद्धत वाचायला सोपी आहे, कारण मधला आकडा गाडीचा कोणता भाग ते सांगतो. १००० च्या घरात चाके, २००० ब्रेक, ३००० पुढचा अॅक्सल आणि स्टिअरिंग, ४००० मागचा अॅक्सल, ६००० इंजिन, ७००० गिअरबॉक्स, ८००० रेडिएटर, ९००० इंधन, १०००० जनरेटर, ११००० स्टार्टर, १२००० इग्निशन, १३००० दिवे. जीपीडब्ल्यूच्या पुढे ७००० च्या घरातला आकडा असेल, तर तो गिअरबॉक्सचा तुकडा हे पुस्तक न उघडताही सांगता येते. शिवाय फोर्डने बोल्टच्या डोक्यांपासून ब्रॅकेटांपर्यंत पुष्कळ भागांवर आपले वळणदार ‘एफ’ अक्षर ठोकले होते. आज नव्याने बनणाऱ्या नकलांवरही ते ‘एफ’ ठोकून मिळते. त्यामुळे एकट्या त्या अक्षरावर जुन्या मालाचा भाव देऊ नका. जुन्या ठशाच्या कडा गंजाने आणि वापराने बोथट झालेल्या असतात आणि रंगाचा जुना थर ठशाच्या आतही उतरलेला असतो. नव्या ठशाच्या कडा नखाला लागतात.

ब्रिटिश मालावर बाणाची रुंद खूण असते. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात तोच बाण असेल तर माल कॅनडाचा. ब्रिटिश तेरा आकडी नंबराच्या आधी कधी ‘६एमटी१’सारखी अक्षरे येतात. ती त्यांच्या कोठाराची अंतर्गत खूण. नंबर शोधताना ती काढून टाका, नाहीतर काहीच सापडत नाही.

आपल्या सैन्याच्या भागांवर आणि निविदांमध्ये ‘एलव्ही’ने सुरू होणारी अक्षरे, त्यानंतर वाहनाची किंवा विभागाची खूण आणि मग नंबर असे लिहिलेले दिसते. अनेकदा पुढच्या नंबरात चार आकड्यांचा वर्ग आणि सहा आकडी क्रमांक असतो. हा तेरा आकडी नंबर नव्हे आणि परदेशी यादीत तो सापडणार नाही. जोंगा असेल तर आणखी एक वाट आहे. जबलपूरला १९६९ ते १९९९ या काळात बनलेली जोंगा मुळात निस्सानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या, ६० मालिकेतल्या गाडीवर आधारलेली. म्हणून इंजिनाच्या आतल्या भागांसाठी निस्सानचा पार्ट नंबर शोधणे पुष्कळदा जास्त फळते. शक्तिमान ट्रकचे मूळ जर्मनीच्या एमएएनचे. गाडीचे मूळ घराणे कळले की दुसरा नंबर कुठे शोधायचा ते कळते.

बनवणारा कोण: पाच अक्षरांचा कोड

स्टॉक नंबराच्या जोडीला लेबलवर आणखी दोन गोष्टी शोधा, पार्ट नंबर आणि पाच अक्षरी कारखाना-कोड. या कोडला केज कोड म्हणतात. १९२०७ हा अमेरिकी सैन्याच्या टँक आणि वाहन विभागाचा कोड. म्हणजे त्या भागाचे आरेखन सैन्याच्या मालकीचे. ९६९०६ हा लष्करी मानकांचा. त्याच्याशी ‘एमएस’ने सुरू होणारे नंबर येतात. आपल्या तीन खटक्यांच्या स्विचचा असाच एक नंबर एमएस ५१११३-१.

इथे नाते नीट समजून घ्या. एका स्टॉक नंबराखाली अनेक कारखान्यांचे अनेक पार्ट नंबर असू शकतात. सैन्याला कारखान्याशी देणेघेणे नसते. मापात, मजबुतीत आणि कामात ठरल्याप्रमाणे असलेली कोणतीही वस्तू त्याला चालते. नंबरांच्या यादीत प्रत्येक पार्ट नंबरापुढे दोन बारीक रकाने असतात. त्यांपैकी आरएनव्हीसी या रकान्यात २ असेल, तर तो पार्ट नंबर ती वस्तू नक्की ओळखवतो. १ असेल तर तो एकटा पुरेसा नाही. ९ असेल तर तो केवळ माहितीपुरता. ९ च्या नंबरावर भरवसा ठेवून मागवलेला भाग न बसण्याची भीती सर्वांत जास्त.

बेअरिंगच्या बाबतीत हे फार सोपे होते. एमबी जीपच्या चाकाच्या बेअरिंगवर टिमकेन कंपनीचे १८५९० आणि बाहेरच्या कड्यावर १८५२० असे आकडे असतात. हे बाजारात रोज विकले जाणारे बेअरिंग. इंदूरच्या कोणत्याही बऱ्या बेअरिंगच्या दुकानात हे दोन आकडे सांगा आणि माल मागा. लष्करी फॉइलमधले तेच बेअरिंग कितीतरी जास्त भावाने घेण्यात आमच्या मते काही अर्थ नाही. ते अॅक्सलच्या आत बसणार, दिसणार नाही.

लेबल वाचताना

अमेरिकी लष्करी पॅकिंगवर ठरलेल्या क्रमाने मजकूर असतो. वर स्टॉक नंबर, मग वस्तूचे नाव, मग नग, मग कंत्राटाचा नंबर आणि पॅकिंगची तारीख. नाव उलट्या क्रमाने लिहितात, आधी नाम आणि मग विशेषण: ‘स्विच, लाइट’. ‘ए ५/६८’सारखे काही दिसले तर ए हा संरक्षणाचा दर्जा आणि ५/६८ म्हणजे मे १९६८ मध्ये पॅक केले.

कंत्राटाच्या नंबरात सुरुवातीला खरेदी करणाऱ्या कार्यालयाचा कोड असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. डीएएई०७-८५ असे असेल तर टँक आणि वाहन विभागाने १९८५ च्या आर्थिक वर्षात दिलेले कंत्राट. अस्सल जुनेपणाचा सर्वांत भरवशाचा पुरावा हाच. लोक स्टॉक नंबर नकली छापतात; कंत्राट-नंबर, तारीख आणि कारखान्याचे नाव हे तिन्ही एकमेकांशी जुळतील असे छापणे कठीण. पॅकिंगची तारीख १९६७ ची आणि कंत्राट १९८५ चे, असे दिसले तर खोके कोणीतरी नंतर जुळवले आहे.

नगाची एककेही पाहा. ‘ईए’ म्हणजे एक, ‘पीआर’ जोडी, ‘एसई’ संच, ‘केटी’ किट, ‘एचडी’ शंभर. ‘एचडी १’ लिहिलेल्या पुडीत शंभर वॉशर असतात, एक नव्हे. किटच्या बाबतीत उलटा फटका बसतो. मास्टर सिलिंडरच्या दुरुस्ती-किटचा नंबर आणि पूर्ण मास्टर सिलिंडरचा नंबर वेगळे असतात आणि दोन्ही २५३० मध्येच येतात. वर्गावर विसंबून नंबर जुळवला तर हातात रबराची चार कडी येतात.

रबराच्या वस्तूंवर ‘३क्यू८२’सारखी खूण असते, म्हणजे १९८२ च्या तिसऱ्या तिमाहीत रबर तयार झाले. ब्रेकचे कप, ऑइल सील, होज, डायफ्रॅम यांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. कितीही अस्सल असो, कितीही सुंदर पॅकिंग असो, चाळीस वर्षांचे रबर ब्रेकमध्ये घालू नका. खोके आणि लेबल संग्रहात ठेवा, रबर ताजे घ्या.

हातात असलेला भाग ओळखायचा तर

लेबल नसलेला, चिखल आणि ग्रीसने माखलेला तुकडा हातात आला, तर आधी घासलेट आणि ताठ ब्रशने तो स्वच्छ करा. तारेचा ब्रश फिरवू नका, त्याने उथळ ठसे कायमचे जातात. मग अंगावर पांढरा खडू चोळून वरून कोरड्या फडक्याने पुसा. खोलगट ठशांत खडू राहतो आणि आकडे उजळतात. उठावाच्या आकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. फोटो काढताना टॉर्च बाजूने तिरका धरा. समोरून प्रकाश पडला तर आकडे दिसत नाहीत.

सापडलेला प्रत्येक आकडा लिहून घ्या आणि तो उठावाचा आहे की ठोकलेला, तेही लिहा. यात सर्वांत जास्त लोक अडकतात. उठावाचा आकडा ओतकामाचा असतो, म्हणजे साच्याचा. तोच कच्चा तुकडा पुढे वेगवेगळ्या प्रकारे घासून-भोके पाडून दोन-तीन निरनिराळे भाग बनू शकतो. खरा पार्ट नंबर बहुधा ठोकलेला किंवा पत्रीवर असतो. ओतकामाचा नंबर सांगून भाग मागवला तर तसाच दिसणारा, पण बोल्टची भोके वेगळी असलेला भाग येण्याची शक्यता राहते.

मग मापे. व्हर्निअरने शाफ्टची जाडी, भोकांमधले अंतर, आट्यांची गेज. जुन्या जीपचे आटे इंची असतात. मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन फेरे सहज जातो आणि मग आटे खातो. एमबी आणि जीपीडब्ल्यूच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणून चाकाचा नट मागवताना बाजू लिहिणे आवश्यक. विजेच्या भागांत व्होल्ट पाहा: एमबी ६ व्होल्टची, एम ३८ पासून अमेरिकी लष्करी जीप २४ व्होल्टची, आपल्याकडच्या नागरी जीप १२ व्होल्टच्या. स्टार्टर बाहेरून बसला म्हणून त्याला वीज जोडू नका.

आता नंबर शोधा. अमेरिकी संरक्षण पुरवठा खात्याची पब लॉग ही यादी सर्वांना मोफत पाहता येते. तिथे नऊ आकड्यांनी किंवा पार्ट नंबराने शोध घेता येतो आणि रद्द झालेला नंबर असेल तर त्याच्या जागी कोणता आला तेही दिसते. सापडलेली वस्तू त्या गाडीच्या सुट्या भागांच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहा. अमेरिकी पुस्तकांच्या नंबरांतही वर्ग दडलेला असतो. टीएम ९-२३२०-२१८ ही मालिका एम १५१ ची. तिच्या पुढे २०पी असेल तर ते युनिट-पातळीचे सुट्या भागांचे पुस्तक, ३४पी असेल तर मोठ्या दुरुस्तीचे. शेवटचे ‘पी’ नसेल तर त्यात भागांचे नंबर नाहीत, दुरुस्तीची कृती आहे.

यादीत सापडले, चित्राशी जुळले, मापे जुळली, तरच मागवा. तीनपैकी दोन जुळली तर विक्रेत्याकडे ठशांचा आणि लेबलचा फोटो मागा. ‘लेबल फाटले’ हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. अशा वेळी जुन्या मालाचा नव्हे, साध्या भागाचा भाव द्या. परदेशी विक्रेता काही वस्तू निर्यातीला नकार देत असेल तर वाद घालू नका. यादीत प्रत्येक वस्तूला नष्ट करण्याच्या नियमाचा एक अक्षरी कोड असतो आणि ‘ए’ सोडून दुसरे अक्षर असलेल्या वस्तूंवर बंधने असू शकतात.

लिलावाचा माल स्थानिक विक्रेत्याकडून घेताना पावतीची प्रत मागा. सैन्याचा निकामी माल ई-लिलावाने विकला जातो आणि त्याला लॉटचा नंबर असतो. बाणाची सरकारी खूण असलेला माल कागदाविना विकत असेल तर तो घेऊ नका.

जुना भाग गाडीतून काढला की तो लगेच भंगारात देऊ नका. त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून त्यावर गाडीचे नाव, कोणत्या बाजूचा, ठोकलेले आणि उठावाचे सगळे आकडे आणि नव्याने बसवलेल्या भागाचा स्टॉक नंबर बॉलपेनने लिहा. तेलकट हातांनी लिहिलेली पेन्सिल पावसाळ्यात पुसते. नवा भाग धावू लागून पाचशे किलोमीटर झाले की मग जुना भंगारात द्या.